पत्र्याच्या खोलीतील अभ्यास आणि सासूबाईंच्या गोळ्या

वाचकाचे पत्र, थोडक्यात: तासगाव तालुक्यातील एका गावातून एका भगिनीने हे पत्र पाठवले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश येथे देत आहे. त्यांची मुलगी बारावीनंतर वर्षभर घरी राहून नीटच्या परीक्षेची दुसऱ्यांदा तयारी करत आहे. तिच्या अभ्यासाची खोली माडीवर, पत्र्याखाली आहे. मार्च सरल्यापासून दुपारी वाचलेले लक्षात राहत नाही, सोप्या उदाहरणांत चुका होतात, चिडचिड वाढली आहे आणि "आई, माझा मेंदूच तापतोय" असे ती म्हणते. आई तिच्या डोक्याला थंड तेल लावते, वडील म्हणतात, "आम्हीपण पत्र्याखालीच शिकलो, ही सगळी न शिकायची कारणं आहेत." कर्ज काढून एसी बसवावा, की मुलीला परीक्षेपर्यंत महिनाभर महाबळेश्वरजवळच्या नातेवाइकांकडे पाठवावे, यावर घरात वाद आहे. पत्राच्या शेवटी, जवळजवळ जाता जाता, त्या लिहितात की सत्तरीच्या सासूबाई मनाच्या आजारासाठी अनेक वर्षे लिथियम आणि आणखी एक गोळी घेतात, रक्तदाबाचीही गोळी चालू आहे आणि गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणल्या जातात. आठवड्याभरापासून त्यांचे हात थरथरतात, चालताना तोल जातो आणि दिवसभर त्या गुंगीत असतात. "गोळ्या उष्ण पडतात" असे वाटून घरच्यांनी त्या उन्हाळ्यापुरत्या निम्म्या करायचे ठरवले आहे. त्यांचा प्रश्न असा: उष्णतेचा मेंदूवर खरोखर परिणाम होतो का, आणि मुलीसाठी काय करावे?

ताई,

तुम्ही प्रश्न मुलीविषयी विचारला आहे, पण उत्तराची सुरुवात सासूबाईंपासून करणे मला भाग आहे. हा परिच्छेद वाचून होताच पुढचा मजकूर बाजूला ठेवा आणि त्यांच्या मनोविकारतज्ज्ञांना आजच्या आज फोन करा. हातांची वाढलेली थरथर, अडखळणारी चाल आणि गुंगी ही लक्षणे लिथियम घेणाऱ्या वृद्ध व्यक्तीमध्ये उन्हाळ्यात दिसू लागली, तर रक्तातील लिथियमची पातळी वाढली असण्याची शक्यता सर्वांत आधी तपासावी लागते. उलट्या, जुलाब, बोबडी वळणे, बसल्या जागी भ्रमिष्टासारखे बोलणे किंवा हाक मारली तरी नीट जागे न होणे यांपैकी काही दिसल्यास फोनचीही वाट न पाहता, सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून, त्यांना सांगली किंवा मिरजेच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे. पुढचा डोस द्यायचा की थांबवायचा हे डॉक्टर सांगतील. तो निर्णय घरात घेऊ नये आणि उद्यावरही ढकलू नये.

असे का होते, हे समजून घेतले तर पुढच्या प्रत्येक उन्हाळ्यात ते उपयोगी पडेल. लिथियम हा सोडियमशी मिळताजुळता क्षार आहे आणि मूत्रपिंडे त्याला बऱ्याच अंशी सोडियमसारखीच वागणूक देतात. घामावाटे पाणी आणि मीठ गेले की शरीर उरलेले सोडियम राखून ठेवू पाहते, आणि त्या प्रयत्नात लिथियमही लघवीवाटे बाहेर जाण्याऐवजी रक्तात परत घेतले जाते. त्यामुळे गोळी तेवढीच असली तरी रक्तातील पातळी चढते. या औषधाची अडचण अशी, की त्याची उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर फार थोडे आहे. सर्वसाधारणपणे ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर ही पातळी उपचारासाठी योग्य मानली जाते (वृद्धांमध्ये बहुधा आणखी कमी राखतात), तर १.५ च्या पुढे विषबाधेची लक्षणे अपेक्षित असतात, आणि वर्षानुवर्षे हे औषध घेणाऱ्यांत ती त्याहून कमी पातळीलाही दिसू शकतात. यात भर म्हणजे डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडांकडून होणारा लिथियमचा निचरा कमी करतात, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्याही तेच करतात. तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत ऊन, गुडघ्याची गोळी आणि कदाचित रक्तदाबाची गोळी, अशी तिन्ही कारणे एकाच वेळी जुळून आली असण्याचा संभव आहे. डॉक्टरांना या तिन्ही गोष्टी स्पष्ट सांगा, विशेषतः मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळीचे नाव, कारण ती त्यांच्या कागदावर कुठेही नसणार. ते बहुधा लिथियमची पातळी, क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडांचे काम कळते) आणि सोडियम यांची तपासणी सांगतील. नेहमीच्या तपासणीत लिथियमसाठीचे रक्त शेवटची गोळी घेतल्यावर सुमारे १२ तासांनी काढतात, म्हणून शेवटची गोळी किती वाजता दिली ते लिहून ठेवा. मात्र लक्षणे असताना त्या १२ तासांसाठी थांबायचे नसते.

"गोळ्या उष्ण पडतात" या तुमच्या घरातील समजाविषयी मला काही म्हणायचे आहे. उन्हाचा आणि गोळ्यांचा संबंध तुमच्या घरच्यांनी अचूक हेरला, आणि ते निरीक्षण मोलाचे आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र धोक्याचा आहे. गोळी अंगात उष्णता निर्माण करत नाही. उन्हामुळे ती अंगात साठू लागते. त्यावर घरच्या घरी निम्मी गोळी करणे हा उपाय नाही, कारण पातळी न मोजता कमी केलेली किंवा अचानक बंद केलेली लिथियमची गोळी जुना आजार पुन्हा उसळण्याला वाट करून देते, आणि तो उसळला की सावरायला बरेच महिने लागू शकतात. त्यांची जी "आणखी एक गोळी" आहे तिचेही नाव डॉक्टरांना विचारून घ्या. मनाच्या आजारांवरील काही औषधे मेंदूतील तापमान सांभाळणाऱ्या केंद्राच्या कामात अडथळा आणतात; आणि हातपाय कडक होऊ नयेत म्हणून दिली जाणारी ट्रायहेक्सीफेनिडिल किंवा नैराश्यावरची अमिट्रिप्टिलिन यांसारखी औषधे घाम कमी करतात. घामाच्या ग्रंथींना मिळणारा चेतासंदेश ॲसिटिलकोलीन या रसायनामार्फत पोहोचतो आणि ही औषधे नेमके तेच रसायन अडवतात. अशा व्यक्तीची त्वचा भर उन्हातही कोरडी राहते आणि पाहणाऱ्याला वाटते, की यांना काही ऊन बाधत नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळू या. उष्णतेचा मेंदूतील रसायनांवर आणि चेतापेशींच्या आपसांतील संवादावर परिणाम होतो का? होतो, आणि तो पुष्कळ खोलवर होतो. परंतु तुमच्या मुलीला जे जाणवते आहे त्याचे कारण हेच आहे, असे मानण्यापूर्वी दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या पाहायला हव्यात.

चेतापेशीच्या आवरणात सूक्ष्म मार्गिका असतात. त्यांतून सोडियम आत येते, पोटॅशियम बाहेर जाते आणि त्यातून विजेचा एक क्षणिक आवेग तयार होऊन चेतातंतूवरून पुढे सरकतो. १९५२ साली ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली या इंग्लिश शास्त्रज्ञांनी स्क्विड या सागरी प्राण्याच्या जाड चेतातंतूवर काम करून या आवेगाचे गणित मांडले. ते गणित ६.३ अंश सेल्सिअस या तापमानासाठी आहे, कारण थंडीत या मार्गिकांची उघडझाप इतकी संथ होते, की ती मोजता येते. तापमान १० अंशांनी वाढले तर ही उघडझाप तिप्पट वेगाने होते असे धरून त्यांनी आपल्या समीकरणांत तापमानाचा गुणक घातला. या कार्यासाठी त्यांना १९६३ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. माणसाच्या हातातील चेतातंतूंतून संदेश सेकंदाला साधारण ५० ते ६० मीटर वेगाने जातो आणि हाताचे तापमान एका अंशाने उतरले तर तो वेग सुमारे २ मीटरने कमी होतो. नर्व्ह कंडक्शनची तपासणी करताना रुग्णाचा हात गार लागला तर तो आधी उबदार करून घेतात, तो याचसाठी. नाहीतर निरोगी माणसाचा अहवालही आजारी माणसासारखा दिसेल.

आवेग तंतूच्या टोकाशी पोहोचला की पुढच्या पेशीपर्यंतचा प्रवास रसायनांवर सोपवला जातो. दोन चेतापेशींमधील ही फट मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाइतकी अरुंद असते. आवेगामुळे टोकात कॅल्शियम शिरते, रसायनाने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या फुटतात, ग्लुटामेट किंवा गाबा यांसारखे संदेशवाहक रसायन फटीत सांडते, पलीकडच्या पेशीवर जाऊन बसते आणि लगेच शेजारच्या पेशींकडून शोषून घेतले जाते, म्हणजे फट पुढच्या संदेशासाठी मोकळी होते. यांतील प्रत्येक पायरी तापमानाला बांधलेली आहे. लंडनमध्ये बर्नार्ड कॅट्झ आणि रिकार्डो मिलेडी यांनी १९६५ मध्ये बेडकाच्या चेता-स्नायू सांध्यावर दाखवून दिले, की थंडी वाढवत नेली तर संदेश पलीकडे पोहोचण्यातील विलंब अनेक पटींनी वाढतो.

मग ऊब वाढली की मेंदू अधिक वेगाने आणि अधिक चांगला चालेल, असे वाटणे साहजिक आहे. पण तसे होत नाही. सर्व पायऱ्या वेग घेतात, पण सारख्या प्रमाणात घेत नाहीत. पारावरच्या भजनात टाळकरी थोडे, पखवाज बराच आणि पेटी फारच पुढे पळू लागली, तर प्रत्येकजण अधिक वेगाने वाजवत असूनही भजन मात्र मोडते, तसे हे आहे. तापमान एका मर्यादेपलीकडे गेले की आवेग इतका अल्पजीवी होतो, की पुढचा भाग चेतवण्याइतका जोर त्यात उरत नाही. उत्तेजन देणाऱ्या ग्लुटामेटचा आणि लगाम घालणाऱ्या गाबाचा तोल बिघडू शकतो. लहान मुलांना तापात झटके येण्यामागे असा बिघाड हे एक कारण मानले जाते. ज्यांच्या चेतातंतूंवरील मायलिनचे आवरण मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या आजारात खराब झालेले असते, त्यांचे शरीर अर्ध्या अंशाने तापले तरी नजर धूसर होऊ शकते किंवा पाय जड पडू शकतात. जर्मन नेत्रवैद्य विल्हेल्म उटहोफ यांनी १८९० मध्ये याची नोंद केली. शरीर निवले की ही लक्षणे ओसरतात.

म्हणूनच शरीर मेंदूचे तापमान फार जपते. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असले तरी शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तो वापरतो आणि त्यातून निर्माण होणारी उष्णता वाहते रक्त बाहेर काढते. २०२२ मध्ये केंब्रिज येथील संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांच्या मेंदूचे तापमान स्कॅनरच्या साहाय्याने मोजले, तेव्हा त्याची सरासरी ३८.५ अंश भरली. मेंदूच्या खोल भागांत ते ४० अंशांच्याही वर गेलेले आढळले आणि दिवसभरात त्यात सुमारे एका अंशाचा चढउतार होत होता. मेंदू सर्वांत थंड रात्री असतो. याचा अर्थ असा, की मेंदूचे दुपारी थोडे तापणे हा निरोगी शरीराच्या रोजच्या चक्राचा भाग आहे, आणि तुमच्या माडीवरील हवा ४१ अंशांवर गेली म्हणून मुलीचा मेंदू तितक्याच प्रमाणात तापत नाही. तिच्या चेतापेशींचे रसायन त्या दुपारी बिघडत नाही, ही पहिली दिलाशाची गोष्ट तिला सांगा. कारण "माझा मेंदूच तापतोय" या वाक्यामागे, आपल्यात कायमचे काही बिघडते आहे अशी भीती असू शकते.

परंतु वडिलांचे म्हणणेही यामुळे खरे ठरत नाही. मेंदू थंड राखण्याची किंमत शरीर इतर मार्गांनी मोजत असते. रक्त त्वचेकडे वळते, हृदयाचे ठोके वाढतात, घामावाटे पाणी जाते, आणि शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के पाणी घटले, म्हणजे ५० किलो वजनाच्या मुलीच्या अंगातून एक लिटर, तरी लक्ष आणि तात्पुरती स्मृती मंदावू लागते. शिवाय उकाड्याची अस्वस्थता स्वतःच लक्ष मागते. बोस्टनमध्ये जुलै २०१६ च्या उष्णतेच्या लाटेत ४४ तरुण विद्यार्थ्यांची रोज सकाळी उठल्या उठल्या चाचणी घेण्यात आली, तेव्हा एसी नसलेल्या वसतिगृहात झोपणाऱ्यांचा प्रतिसाद एसीतील मुलांपेक्षा सुमारे १३ टक्के मंद होता. हा अभ्यास एसीच्या बाजूने नेहमी पुढे केला जातो, म्हणून त्यातील एक तपशील सांगणे आवश्यक वाटते. त्या बिनएसी खोल्यांचे सरासरी तापमान सुमारे २६ अंश होते. सांगली जिल्ह्यात एप्रिलच्या रात्री २६ अंश लाभले तर आपण समाधानाने झोपतो. शरीर जिथे राहते तिथल्या हवेला सरावते, त्यामुळे परदेशातील आकडे जसेच्या तसे आपल्याकडे लागू करता येत नाहीत. त्या चाचण्या रात्रीच्या झोपेनंतर लगेच घेतलेल्या होत्या, ही बाब मात्र तुमच्यासाठी महत्त्वाची आहे.

कारण माझ्या मते तुमच्या मुलीच्या तक्रारीचे मूळ दुपारपेक्षा रात्रीत असण्याची शक्यता अधिक आहे. ती झोपते कुठे, हे तुम्ही लिहिलेले नाही. अभ्यासाच्याच खोलीत झोपत असावी असा माझा अंदाज आहे. झोप लागण्यासाठी शरीराचे आतील तापमान उतरावे लागते. हातापायांच्या त्वचेतून उष्णता बाहेर पडते आणि मग डोळा लागतो. भोवतालची हवाच तापलेली असेल तर ही उतरण रखडते, गाढ झोप आणि स्वप्नांची झोप दोन्ही कमी होतात, आणि दिवसा वाचलेले पक्के होण्याचे काम याच झोपेत होत असते. पत्रा रात्री लवकर निवतो हे खरे, पण दिवसभर तापलेल्या भिंती आणि खालचा स्लॅब मध्यरात्र उलटेपर्यंत उष्णता सोडत राहतात. तेव्हा खर्चाचा कोणताही निर्णय घेण्यापूर्वी सलग आठ-दहा रात्री तिला खालच्या ओसरीत किंवा गच्चीवर मच्छरदाणीत झोपवून पाहा, झोपण्यापूर्वी साध्या पाण्याने अंघोळ करू द्या, आणि दुपारच्या चुका कमी होतात का ते तिलाच वहीत नोंदवायला सांगा.

थंड तेलाचा उल्लेख तुम्ही आपुलकीने केला आहे, म्हणून त्याविषयी. अशा तेलांतील मेंथॉल त्वचेतील चेतातंतूंवर असलेल्या, थंडी ओळखणाऱ्या एका ग्राहकाला चेतवते, त्यामुळे तापमान मुळीच न उतरता गारवा जाणवतो. तिखट मिरचीतील कॅप्सेसिन असेच उष्णता ओळखणाऱ्या ग्राहकाला चेतवते आणि जीभ भाजल्यासारखी वाटते. या शोधांसाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल आर्डेम पटापूटियन यांच्यासह मिळाले. तेल जरूर लावा, आईचा हात डोक्यावरून फिरण्याने मुलीला बरे वाटत असेल तर तेवढे कारण पुरेसे आहे. मात्र तेल लावले म्हणून पाणी आणि सावली यांत हयगय होऊ देऊ नका. उन्हाळ्यात सेरोटोनिन घटते म्हणून राग येतो, अशा आशयाचे संदेशही फिरत असतात. सेरोटोनिन, डोपामिन आणि नॉरॲड्रेनलिन ही रसायने शरीराचे तापमान सांभाळण्यात भाग घेतात एवढे खरे. पण एखाद्याच्या चिडचिडीवरून त्याच्या मेंदूतील रसायनाची पातळी ओळखता येत नाही, आणि त्या नावाने विकल्या जाणाऱ्या पावडरी किंवा गोळ्या घेण्याची काहीही गरज नाही.

महाबळेश्वरचा विचार मोहक आहे. सुमारे १,३५० मीटर उंचीवरील त्या हवेत अभ्यास सुखाचा होईल. पण नीटची परीक्षा गेली काही वर्षे मे महिन्याच्या सुरुवातीला, दुपारी दोन वाजता सुरू होते आणि तुमच्या मुलीचे केंद्र बहुधा सांगली, मिरज किंवा कोल्हापूर येथे असेल. उष्णतेला सरावण्यासाठी शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर येऊ लागतो, त्यातून मीठ कमी जाऊ लागते, हृदयावरचा ताण उतरतो. थंड हवेत काही आठवडे राहिल्यावर हा सराव ओसरतो. महिनाभर गारव्यात राहून परीक्षेच्या आदल्या दिवशी खाली उतरलेल्या मुलीला भर दुपारच्या त्या तीन तासांत अधिक त्रास होईल, असे मला वाटते. दिवसरात्र एसीत बसून तयारी करण्यालाही हीच अडचण आहे. तिला बदल म्हणून चार दिवस पाठवा, पण परीक्षेपूर्वीचे दोन-तीन आठवडे तिने घरीच असावे.

घरी राहून काय करता येईल? अवघड विषय पहाटे साडेचार ते सकाळी दहा या वेळेत घ्यावेत आणि दुपारी बारा ते चार माडी पूर्णपणे सोडावी. शेवटच्या तीन आठवड्यांत आठवड्यातून दोन-तीनदा सरावाची प्रश्नपत्रिका मुद्दाम दुपारी दोन ते पाच या वेळेत, खालच्या खोलीत, पंख्याखाली, पाण्याची बाटली जवळ ठेवून सोडवावी. पत्र्याखालच्या भट्टीत बसून सोडवण्याने काहीही साधत नाही. तहान लागेपर्यंत थांबू नये. लघवी गडद पिवळी होऊ लागली की पाणी कमी पडले असे समजावे. घाम फार जात असेल तर नुसत्या पाण्याबरोबर मीठ घातलेले ताक किंवा ओआरएस घ्यावे. (सासूबाईंच्या बाबतीत मात्र मीठ आणि पाणी दोन्ही रोज साधारण सारखे ठेवायचे असते. रक्तदाबासाठी म्हणून मीठ अचानक तोडले तर लिथियम चढते आणि एकदम वाढवले तर ते उतरते. किती, ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या.)

पैसा खर्च करायचाच असेल तर तो आधी पत्र्यावर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पत्र्यावर बाहेरून पांढरा उष्णतारोधक रंग दिला, किंवा निदान चुना मारला, की ऊन बऱ्याच अंशी परतते. पत्र्याखाली वीतभर पोकळी सोडून बांबूच्या तट्ट्यांचे आतील छत केले, तर पत्र्याची धग थेट डोक्यावर येत नाही. आपल्या भागात उसाचे पाचट मुबलक असते आणि ते छतावर पसरण्याची रीतही जुनी आहे. परंतु वर विजेच्या तारा किंवा जवळ चूल असेल तर आगीच्या भीतीने ते टाळावे. तासगावच्या कोरड्या एप्रिलमध्ये पाण्याचा कूलर चांगले काम करतो. वळवाचे पाऊस सुरू होऊन हवेत दमटपणा आला की तो निरुपयोगी ठरतो, पण तोवर परीक्षा झालेली असेल. एवढे करून भागले नाही तरच कर्जाचा विचार करा, आणि त्या वेळी एसी माडीवर नव्हे, तर सासूबाई आणि मुलगी दोघींना रात्री झोपता येईल अशा खालच्या खोलीत बसवा.

ज्या घरांत वृद्ध माणसे, मनाच्या आजारावर, कंपवातावर किंवा फिट्सवर औषध घेणारी माणसे आहेत, त्या सर्वांनी, तसेच बेदाण्याच्या शेडवर किंवा उसाच्या फडात राबणाऱ्यांच्या घरच्यांनी पुढील गोष्ट ध्यानात ठेवावी. तापामध्ये मेंदूच शरीराचे तापमान वर नेतो. हायपोथॅलॅमस या मेंदूतील तापमान सांभाळणाऱ्या केंद्रात प्रोस्टॅग्लँडिन नावाचे रसायन वाढून तिथली पातळी वर सरकते आणि पॅरासिटॅमॉल ते रसायन कमी करून ताप उतरवते. उष्माघातात ही पातळी बदललेली नसते, शरीराची निवण्याची ताकद संपलेली असते. म्हणून तिथे पॅरासिटॅमॉलचा उपयोग होत नाही आणि ते देण्यात गेलेला वेळ वाया जातो. उन्हातून आलेला किंवा कोंदट खोलीत पडून असलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा बेशुद्ध झाला, आणि अंग भाजत असेल, तर १०८ ला फोन करून, गाडीची वाट पाहत असतानाच त्याला सावलीत घेऊन कपडे सैल करावेत, अंगावर सतत पाणी ओतावे, वारा घालावा, मान, काखा आणि जांघा येथे बर्फ ठेवावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये. खोलीतील हवा ४० अंशांच्या पुढे गेल्यावर वृद्धांवर नुसता पंखा सोडणे म्हणजे गरम वारा घालणे होय; ओला पंचा अंगावर ठेवून मग पंखा लावावा. आणि लहान मुलांना ताप आल्यावर घाम निघावा म्हणून घोंगडीत गुंडाळण्याची पद्धत सोडून द्यावी.

ताई, मुलीविषयी एक शंका मात्र मनात राहते. तिने एकदा परीक्षा दिलेली आहे, मैत्रिणी पुढे कॉलेजात गेल्या आहेत, ती वर्षभर एका खोलीत एकटी आहे आणि वडील तिच्या त्रासाला कारणे म्हणतात. या सगळ्याची चिडचिडही उन्हाच्या खात्यावर जमा होत असेल. झोपेची जागा बदलून, वेळापत्रक हलवून, पत्र्याची व्यवस्था करूनही दोन आठवड्यांत ती सावरली नाही, जेवण तुटले, रडू येत राहिले किंवा जगण्याला कंटाळल्यासारखे ती बोलली, तर परीक्षा होईपर्यंत थांबू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, तिथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. सासूबाईंना दाखवायला जाल तेव्हा त्याच डॉक्टरांशी तिलाही एकटीने बोलू देता येईल. त्याआधी एखाद्या संध्याकाळी, अभ्यासाचा विषय न काढता, तिला काय वाटते ते विचारा, आणि शक्य झाल्यास त्या वेळी तिच्या वडिलांनाही शेजारी बसवा.